गेलेली वाचा आणि पुन्हा बाराखडी

इंग्रजी भाषेचा पहिला भारदस्त शब्दकोश रचणारे डॉ. सॅम्युएल जॉन्सन हे १७ जून १७८३ रोजी पहाटे जागे झाले, तेव्हा त्यांना डोके काहीसे गोंधळल्यासारखे वाटले. आपली बुद्धी शाबूत आहे की नाही, हे तपासण्यासाठी त्यांनी मनातल्या मनात लॅटिन पद्यात एक प्रार्थना रचली. ओळी काही फार चांगल्या उतरल्या नाहीत; पण त्या चांगल्या नाहीत हे आपल्याला कळते आहे, यावरून बुद्धी जागेवर असल्याची त्यांची खात्री पटली. मग त्यांनी बोलायचा प्रयत्न केला. तोंडातून शब्द फुटेना. सुमारे ४२ हजार शब्दांचे अर्थ लिहून १७५५ साली ते प्रसिद्ध करणाऱ्या या ७३ वर्षांच्या विद्वानाची वाचा बसली होती. त्यांनी शेजारी राहणाऱ्या मुद्रकाला चिठ्ठी लिहिली. लिहितानाही हात मनात नसलेली अक्षरे काढू पाहत होता, असे त्यांनीच पुढे नोंदवले आहे.

डॉक्टर आले. त्यांनी त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पाठीवर आणि गळ्यापाशी फोड आणणारे लेप लावले. जॉन्सनची वाचा पुढच्या काही दिवसांत बरीचशी परत आली, पण ती लेपांमुळे आली असे म्हणायला आधार नाही. अनेक रुग्णांमध्ये सुरुवातीच्या दिवसांत मेंदू स्वतःच थोडाफार सावरतो. ज्यांचा मेंदू असा सावरत नाही, त्यांच्यासाठी काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधायला पुढची दोनशे वर्षे लागली आणि ते अजूनही पूर्ण झालेले नाही. या शोधात डॉक्टरांइतकाच शिक्षकांचाही वाटा आहे. शिक्षकी पेशातली एक समजूत या शोधात आधी उपयोगी पडली आणि नंतर अडचणीची ठरली. म्हणूनच हा इतिहास शिक्षकांनी वाचण्यासारखा आहे.

वाचाघात म्हणजे काय?

मेंदूला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, की त्या भागातल्या चेतापेशी मरू लागतात. यालाच आपण पक्षाघाताचा झटका म्हणतो. हात-पाय लुळा पडणे हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले लक्षण. पण झटका आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या भाषेवरही घाला पडतो. याला वाचाघात म्हणतात.

इथे तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. जीभ आणि ओठ यांचे स्नायू दुबळे झाल्याने उच्चार अस्पष्ट होणे, ही एक गोष्ट. स्मृती, अवधान किंवा विचारशक्ती यांवर परिणाम होणे, ही दुसरी. आणि स्नायू ठीक, बुद्धीही बरीचशी ठीक, पण शब्द सापडत नाही, वाक्य जुळत नाही किंवा ऐकलेल्याचा अर्थ लागत नाही, ही तिसरी. वाचाघात म्हणजे ही तिसरी गोष्ट. एकाच रुग्णात तिन्ही एकत्रही असू शकतात. मात्र घरच्यांना आणि पाहुण्यांना हा फरक सहसा दिसत नाही. बोलता न येणारा माणूस त्यांना बहिरा तरी वाटतो, नाहीतर खुळा तरी.

बोटांनी दिलेले उत्तर

पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न्य नावाचा एक रुग्ण २१ वर्षे राहत होता. त्याला 'तान' एवढेच म्हणता येई, म्हणून सगळे त्याला 'तान' म्हणूनच ओळखत. एप्रिल १८६१ मध्ये त्याच्या पायाला गंभीर जंतुसंसर्ग झाला आणि शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी त्याला तपासले. थोड्याच दिवसांत तो वारला. ब्रोकांनी त्याचा मेंदू पाहिला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा झालेली आढळली. वाणीसारख्या मानसिक शक्तीचे मेंदूतले स्थान दाखवणारा हा पहिला भक्कम पुरावा मानला गेला. आज पाठ्यपुस्तकात तेवढेच येते.

पण ब्रोकांच्या निवेदनातला दुसरा भाग तितकाच मोलाचा आहे. इथे किती वर्षे आहेस, असे विचारल्यावर लेबोर्न्यने पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवले. एकूण एकवीस. ब्रोकांनी दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारला. उत्तर तेच. एकदा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आल्यावर आपली परीक्षा चालली आहे हे ओळखून तो चिडला. म्हणजे माणूस आत जागा होता, हिशेब करत होता, अपमानही ओळखत होता.

त्याच वर्षी ब्रोकांना लेलाँ नावाचा ८४ वर्षांचा दुसरा रुग्ण भेटला. त्याच्यापाशी जेमतेम पाच शब्द उरले होते. कोणतीही संख्या सांगायची तर तो 'तीन' याच अर्थाचा शब्द वापरी, पण बोटे मात्र बरोबर तितकीच दाखवी. तोंडातला शब्द चुकतो आणि मनातली संख्या बरोबर असते, हे याहून स्पष्ट कोण दाखवणार?

पुढे १८७४ मध्ये जर्मनीतल्या कार्ल वेर्निके यांनी वेगळ्या प्रकारचे रुग्ण वर्णिले. ते भरभर बोलत, पण बोलण्यात अर्थ लागत नसे आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यांना समजत नसे. त्यांच्या मेंदूतली इजा थोडी मागच्या बाजूला होती. मेंदूत कोणते काम कुठे चालते, याचे नकाशे काढण्याची मग चढाओढच लागली. नकाशा काढणाऱ्यांचे समाधान झाले. रुग्णाला मात्र त्यातून काही मिळाले नाही.

आईची उपमा

तरीही ब्रोका तिथेच थांबले नव्हते. १८६५ च्या त्यांच्या निबंधात उपचाराचाही विचार आहे. डाव्या गोलार्धाचे काम उजवा गोलार्ध शिकू शकेल, असे त्यांना वाटत होते. त्यांचा युक्तिवाद असा: लहान मूल बोलायला शिकते, कारण आई त्याच्यामागे रोज चिकाटीने लागलेली असते. आपण रुग्णाला तितका वेळ आणि तितकी चिकाटी कधी देतो का? त्यांनी एका रुग्णाला वाचन पुन्हा शिकवूनही पाहिले. आधी अक्षरे, मग अक्षरांचे गट, मग शब्द. सुरुवातीला प्रगती झाली. मोठ्या शब्दांपाशी गाडी अडली.

उपमा मनात ठसणारी होती आणि तिच्यात एक खरी गोष्ट होती: वेळ आणि चिकाटी यांना पर्याय नाही. पण तिच्यात एक चूकही दडली होती. मुलाच्या मनात भाषा अजून उभी राहायची असते. प्रौढ रुग्णाच्या मनात ती साठ-सत्तर वर्षे नांदलेली असते. ती पुसली गेली आहे, असे गृहीत धरून पाटी-पेन्सिल हाती द्यायची, की ती आत कुठेतरी आहे पण वाट बंद झाली आहे, असे समजून दुसरी वाट शोधायची? दोन्ही गृहीतकांतून निघणारे उपचार अगदी वेगळे आहेत.

आरती येते, पाणी मागता येत नाही

भाषा पुसली जात नाही, याची एक खूण फार पूर्वीच दिसली होती. स्वीडनमध्ये ओलोफ डालिन यांनी १७४५ साली एका माणसाची हकीकत नोंदवली. त्याची उजवी बाजू लुळी पडली होती आणि 'हो' याखेरीज एक शब्द बोलता येत नव्हता. पण आजारापूर्वी पाठ असलेली स्तोत्रे तो शब्दांसकट स्वच्छ गात असे.

आपल्याकडे ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घरात हे दृश्य अनोळखी नाही. आजोबांना 'पाणी' म्हणता येत नाही. पण संध्याकाळी घंटा वाजली की आरती सबंध म्हणता येते. एक ते दहा अंक, वारांची नावे, पाढे, एखादी सवयीची शिवी, हेही तोंडून सुटते. घरचे लोक मग म्हणतात, "यांना सगळे येते, मुद्दाम बोलत नाहीत."

या कोड्याचा उलगडा लंडनचे जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केला. बोलणे दोन प्रकारचे असते, असे त्यांनी मांडले. एक आपोआप ओघळणारे. दुसरे मनातला नवा आशय मांडण्यासाठी शब्द निवडून जुळवलेले. इजा दुसऱ्याला होते, पहिले पुष्कळदा वाचते. हाच फरक त्यांना हालचालींतही दिसला. जीभ बाहेर काढा म्हटले तर काही रुग्णांना ती काढता येत नसे, पण ओठाला लागलेला अन्नाचा कण तीच जीभ सहज टिपून घेई.

या निरीक्षणाचा उपचारासाठी उपयोग व्हायला आणखी शंभर वर्षे गेली. १९७३ मध्ये बोस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. रोजच्या वापरातले छोटे वाक्य आधी सुरात आळवायचे, डाव्या हाताने ठेका धरायचा आणि मग हळूहळू सूर कमी करत साध्या बोलण्याकडे यायचे. सर्वांना तिचा उपयोग होत नाही. समज बरी असलेल्या, पण उच्चार जुळवताना अडणाऱ्या रुग्णांना तिचा फायदा होतो. आणि तो मुख्यतः सराव केलेल्या वाक्यांपुरता दिसतो, असे नंतरच्या अभ्यासांनी दाखवले. सूर उपयोगी पडतो की ठेका, हा वादही चालू आहे.

युद्धाने उघडलेल्या शाळा

विसाव्या शतकापर्यंत वाचाघाताचे उपचार तुरळक होते. बर्लिनचे हेर्मान गुट्झमान हे त्यातले एक महत्त्वाचे नाव. त्यांचे वडील कर्णबधिर मुलांचे शिक्षक होते. उच्चार कसा घडतो हे दाखवून शिकवण्याची त्या शाळांतली रीत गुट्झमान यांनी १८९६ च्या सुमारास वाचाघाताच्या रुग्णांसाठी वापरली. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या चार्ल्स मिल्स यांनी १९०४ मध्ये प्रशिक्षणातून वाचाघातावर उपचार, या विषयावर लेख लिहिला.

मग पहिले महायुद्ध आले. डोक्यात गोळी किंवा छर्रे गेलेले हजारो सैनिक जिवंत परतले. ते विशी-तिशीतले होते आणि त्यांच्यापुढे सगळे आयुष्य पडले होते. फ्रँकफुर्टमध्ये कुर्ट गोल्डस्टाइन यांनी १९१६ मध्ये मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी संस्था काढली. तिथे दवाखान्याच्या जोडीला मानसशास्त्राची प्रयोगशाळा, भाषेचे वर्ग आणि कामाची कार्यशाळा होती. रुग्णाला प्रयोगशाळेत काय जमते यापेक्षा तो कामावर काय करू शकतो, याला तिथे महत्त्व होते.

गोल्डस्टाइन यांचे एक निरीक्षण प्रत्येक शिक्षकाने जवळ ठेवावे असे आहे. आपल्याला अजिबात न जमणारे काम पुढ्यात आले की रुग्ण एकदम घाबरा होई, रागावे, रडे, किंवा काम टाकून देई. थोड्या वेळापूर्वी जमलेल्या गोष्टीही मग जमेनाशा होत. हा हट्ट किंवा आळस नव्हे, कोसळण्याच्या भीतीची ती प्रतिक्रिया आहे, असे त्यांनी म्हटले. म्हणून काम असे निवडायचे, की ज्यात यश हाताशी असेल. फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलाचा चेहरा आठवला, तर हे केवळ रुग्णांपुरते नाही हे ध्यानात येईल. गोल्डस्टाइन ज्यू होते. १९३३ मध्ये नाझींनी त्यांना अटक केली आणि त्यांना देश सोडावा लागला.

दुसरी वाट

दुसऱ्या महायुद्धात हेच काम सोव्हिएत रशियात अलेक्सांद्र लुरिया यांनी हाती घेतले. उरल पर्वताच्या दक्षिणेला किसेगाच येथे एका आरोग्यधामाचे रूपांतर सुमारे ४०० खाटांच्या रुग्णालयात करण्यात आले. लुरिया हे विगोत्स्कींचे सहकारी. लेखन, वाचन, बोलणे यांसारखी कोणतीही क्षमता मेंदूच्या एकाच ठिकाणी राहत नाही, तर अनेक भागांनी मिळून चालवलेले ते एक कार्यतंत्र असते, हा त्यांचा पाया होता. तंत्रातला एक दुवा तुटला, तर तेच काम दुसऱ्या दुव्यांकडून करून घेता येईल का?

या कल्पनेचे सर्वांत साधे उदाहरण भाषेबाहेरचे आहे. कंपवाताच्या एका रुग्णाला सपाट जमिनीवर दोन पावले चालता येत नव्हती, पण जिना मात्र चढता येई. लुरियांनी जमिनीवर कागदाचे कपटे ठेवले आणि ते ओलांडत जायला सांगितले. रुग्ण चालू लागला. पाय तेच होते. चालण्याचा आदेश मात्र आता वेगळ्या वाटेने येत होता.

बोलण्याच्या बाबतीतही असेच. 'प' म्हण, असे सांगून रुग्णाला 'प' म्हणता येत नसे. मग त्याला पेटती काडी फुंकून विझवायला सांगायचे. ओठ मिटून सुटतात, हवा बाहेर पडते. ती हालचाल त्याच्या ध्यानात आणून द्यायची, आरशात दाखवायची आणि तिच्यातून 'प' घडवायचा. कपाळामागच्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना गोष्ट पुढे नेता येत नसे. एक वाक्य झाले की ते थांबत. त्यांच्यापुढे 'त्यानंतर', 'तथापि', 'ज्याअर्थी' अशा जोडशब्दांची चिठ्ठी ठेवली, की त्या आधाराने ते सांगत पुढे जात.

लुरियांचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण झासेत्स्की. मार्च १९४३ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, त्याच्या डाव्या मेंदूच्या मागच्या-वरच्या भागात गोळी लागली. त्याला अक्षरे ओळखता येईनात; लिहायला बसला की अक्षराचा आकार आठवेना. एक दिवस त्याला सांगण्यात आले की, अक्षराचा विचारच करू नकोस, हात न उचलता पूर्वीसारखे झरकन लिहून टाक. आणि हाताने शब्द लिहिला. वर्षानुवर्षांच्या सवयीने हातात मुरलेले लेखन डोळ्यांच्या स्मृतीवर अवलंबून नव्हते. स्वतः लिहिलेले वाचणे त्याला अतिशय कठीण जाई, तरीही पुढच्या २५ वर्षांत त्याने सुमारे ३००० पाने लिहिली. लुरियांनी त्यावर आधारलेले पुस्तक १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. एकेक अक्षर सुटे करून शिकवत राहिले असते, तर ही वाट कधी सापडली असती का?

अमेरिकेत मिनिआपोलिसच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात हिल्ड्रेड श्यूएल वेगळ्या मार्गाने याच ठिकाणी पोचल्या. १९६४ च्या ग्रंथात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्ट म्हटले, की वाचाघातात भाषा नाहीशी होत नाही, तिच्यापर्यंत पोचणे अवघड होते. म्हणून उपचारकाने रुग्णाला शिक्षकाप्रमाणे शब्द शिकवायचे नाहीत. अर्थपूर्ण, ओळखीचे, पुरेसे मोठ्याने आणि पुन्हा पुन्हा बोलणे त्याच्या कानावर घालायचे आणि प्रतिसाद उमटू द्यायचा. चुकलेल्या उत्तरावर रेघ मारत बसण्यापेक्षा पुढची संधी द्यायची. ब्रोकांच्या आईच्या उपमेला शंभर वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते.

उपयोग होतो का?

सैनिक तरुण होते. झटका बहुतेकांना उतारवयात येतो. शिवाय मेंदू आपणहून थोडा सावरतो, हे आपण पाहिले. मग सुधारणा उपचाराची की काळाची, हे कसे ठरवायचे? ब्रिटनमध्ये १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत प्रशिक्षित वाणी-उपचारक आणि स्वयंसेवक यांच्या रुग्णांत फरक दिसला नाही. १९८४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिंकन आणि सहकाऱ्यांनी उपचार घेतलेले आणि न घेतलेले रुग्ण यांची तुलना प्रसिद्ध केली. तिथेही फरक नाही! या क्षेत्राला हा मोठा धक्का होता.

आकडेवारी नीट पाहिली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्या चाचणीत आठवड्याला दोन तास, २४ आठवडे, असा उपचार ठरला होता. पण ते ४८ तासही बहुतेकांना मिळाले नव्हते. २००३ मध्ये भोगल आणि सहकाऱ्यांनी जुन्या चाचण्या एकत्र तपासल्या. ज्यांत फायदा दिसला होता, त्यांत आठवड्याला सरासरी ८.८ तास उपचार सुमारे ११ आठवडे दिला गेला होता. ज्यांत दिसला नव्हता, त्यांत आठवड्याला २ तास, सुमारे २३ आठवडे. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात ५७ चाचण्या आणि ३००२ रुग्णांचा विचार झाला. वाणी-उपचाराचा उपयोग होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. २०१७ मध्ये जर्मनीतल्या १९ केंद्रांवरच्या १५६ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. झटक्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्या या रुग्णांना तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास उपचार दिला, तेव्हा रोजच्या व्यवहारातले त्यांचे बोलणे सुधारले. वाट पाहायला लावलेल्या गटात तसा बदल झाला नाही. 'सहा महिने झाले, आता काही होणार नाही', ही आपल्याकडे सर्रास ऐकू येणारी समजूत यामुळे खोटी ठरते. फार जोराचा उपचार सर्वांना झेपतोच असे मात्र नाही.

समासाची तांबडी रेघ

झटका उजव्या गोलार्धात आला, तर भाषा बहुधा वाचते, पण अवधान बिघडू शकते. काही रुग्णांना डाव्या बाजूचे जग जणू नसतेच. डोळे चांगले असूनही ताटातली उजवीकडची भाजी-आमटी संपते आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. मिलानच्या बिझियाक आणि लुझ्झात्ती यांनी १९७८ मध्ये अशा दोन रुग्णांना शहरातल्या कॅथेड्रलचा चौक डोळ्यांपुढे आणायला सांगितले. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहोत अशी कल्पना केली, की त्यांना उजव्या हाताच्या इमारती आठवत. मग कॅथेड्रलच्या दाराशी उभे राहून समोर पाहतो आहोत अशी कल्पना करायला सांगितल्यावर, आधी वगळलेल्या इमारती आठवत आणि आधीच्या गळत. माहिती सगळी होती. एका वेळी अर्धीच हाती येत होती.

न्यूयॉर्कमध्ये वाइनबर्ग, डिलर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये यावर साधा उपाय दाखवला. पानाच्या डाव्या कडेला, आपल्या वहीतल्या समासासारखी, ठळक तांबडी रेघ ओढायची. ती दिसेपर्यंत नजर डावीकडे न्यायची आणि मगच ओळ वाचायला घ्यायची. सवय होत गेली, की रेघ हळूहळू काढून घ्यायची.

स्मृती दुबळी झालेल्यांच्या बाबतीत शिक्षकांना चक्रावून टाकणारी गोष्ट आढळली. चुकत चुकत शिकावे, असे आपण वर्गात म्हणतो. केंब्रिजच्या अॅलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ मध्ये दाखवले, की स्मृतिलोपाच्या रुग्णांना हे मारक ठरते. मराठी उदाहरण द्यायचे तर, "'पा'ने सुरू होणारा शब्द ओळखा", असे म्हटल्यावर रुग्ण 'पाणी', 'पाट' असे म्हणत जातो. बरोबर शब्द 'पाऊस' होता, हे सांगितल्याचे तो विसरतो. पण स्वतः उच्चारलेले 'पाणी' मात्र नकळत रुजून बसते. त्यापेक्षा आरंभीच "'पाऊस', लिहा" असे सांगून चूक होऊच न देणे अधिक फळते. चुकीतून शिकायचे, तर आपण चुकलो होतो हे आठवावे लागते!

आपल्या भाषांत

भारतात या कामाला संस्थेचे रूप आले ते १९६५ मध्ये, म्हैसूरला अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था स्थापन झाली तेव्हा. मुंबईत नायर रुग्णालयात साठच्या दशकात वाणी-उपचारकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

आपल्याकडचा खास प्रश्न अनेक भाषांचा आहे. घरी एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी. झटक्यानंतर कोणती आधी परतेल? फ्रान्सच्या रिबो यांनी १८८१ मध्ये सर्वांत आधी शिकलेल्या भाषेकडे बोट दाखवले. पित्र यांनी १८९५ मध्ये, आजारापूर्वी सर्वांत वापरातली भाषा आधी येते, असे म्हटले. दोन्ही नियमांना पुष्कळ अपवाद आढळले आहेत. त्यामुळे रुग्णालयात मराठी आजीची चाचणी फक्त हिंदीत किंवा इंग्रजीत घेऊन 'काही समजत नाही' असा शेरा मारणे अन्यायाचे आहे. आणखी एक भारतीय अभ्यास उल्लेखनीय आहे. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी झटका आलेल्या ६०८ रुग्णांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. झटक्यानंतर बुद्धीची कामे ठीकठाक असलेल्यांचे प्रमाण एकापेक्षा अधिक भाषा बोलणाऱ्यांत ४०.५ टक्के, तर एकच भाषा बोलणाऱ्यांत १९.६ टक्के होते. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखेच होते. अनेक भाषा बोलल्याने मेंदूची राखीव शक्ती वाढत असावी, असा अर्थ संशोधकांनी लावला.

ऐकणाऱ्याचे शिक्षण

या इतिहासातला अलीकडचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कॅनडात टोरांटोमध्ये पॅट अराटो यांच्या पतींना झटक्यानंतर वाचाघात झाला. रुग्णालयातला उपचार संपला, पण अडचण संपली नाही. म्हणून त्यांनी १९७९ मध्ये केंद्र काढले. तिथे ऑरा केगन यांनी रुग्णाऐवजी त्याच्याशी बोलणाऱ्यांनाच प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. २००१ मध्ये त्यांनी ४० स्वयंसेवकांवरची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना संवादाचे प्रशिक्षण दिले होते, निम्म्यांना नाही. प्रशिक्षित स्वयंसेवकांशी बोलताना रुग्णांना आपले म्हणणे अधिक चांगले पोचवता आले. त्या रुग्णांना स्वतःला कोणतेही प्रशिक्षण दिलेले नव्हते!

या प्रशिक्षणात अवघड काही नाही. एका वेळी एकच गोष्ट, छोट्या वाक्यात बोलावे. ओरडून बोलू नये, कारण कान चांगले असतात. मुख्य शब्द कागदावर ठळक लिहून दाखवावा. 'काय हवे?' यापेक्षा 'चहा हवा का?' असे विचारावे. चित्र, घड्याळ, कॅलेंडर, हातवारे, जे हाताशी असेल ते वापरावे. उत्तरासाठी थांबावे, आणि समजले ते परत सांगून 'असेच ना?' अशी खात्री करून घ्यावी. 'तुम्हाला ठाऊक आहे, हे मला माहीत आहे', हे बोलून दाखवावे. आणि पूर्वी ज्यांना 'अहो' म्हणत होतो, त्यांना 'अहो'च म्हणावे.

गावात कुणाला झटका येऊन वाचा गेली, की घरचे लोक शिक्षकाकडे येतात. "गुरुजी, आमच्या नानांना पुन्हा अक्षरओळख करून द्या." सत्तर वर्षे संसार केलेल्या, पंचायतीत बोललेल्या माणसापुढे अंकलिपी ठेवली, की त्याचे डोळे भरून येतात किंवा तो ती भिरकावून देतो. घरच्यांना तो हट्टीपणा वाटतो. गोल्डस्टाइन यांनी त्यात भीती पाहिली होती आणि लेबोर्न्यच्या चिडण्यात ब्रोकांनी शाबूत बुद्धी पाहिली होती. शिक्षकाने अशा वेळी घरच्यांना वाणी-उपचारकाचा पत्ता मिळवून द्यावा. त्याबरोबर वर्गातल्या मोठ्या मुलांना हा इतिहास सांगावा, कारण घरात आजोबांशी बोलायला सर्वांत जास्त वेळ त्यांच्याचपाशी असतो. नानांची बाराखडी कुठे गेलेली नसते. त्यांना हवा असतो तो वेळ देणारा आणि खुणा समजून घेणारा समोरचा माणूस.